नाना रोज हाताने टाईप करायचे

नाना आज सकाळी गेले. त्यांची माफी मागायची राहूनच गेली.

नाना म्हणजे माझे चुलते. चौलला नारळ-सुपारीची वाडी, आणि सारा जन्म शाळेत गणित शिकवण्यात गेला. रिटायर झाल्यावर कॉम्प्युटर घेऊन लिनक्स शिकले.
मी नवी मुंबईत सॉफ्टवेअरमध्ये, तरी अडलं की फोन मीच त्यांना करायचे!

वाऱ्याचा इशारा आला की समुद्रात गेलेल्या होड्यांना मेसेज जाईल, असा छोटा प्रोग्राम त्यांनी लिहिला होता.
"वारा वाढतोय, माघारी या."

मेसेज कोणाला जायचा, ते नंबर एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या आठवणीत, असायचे.
रोज पहाटे बंदरावर फोन करून आज कोण गेलंय ते विचारायचं. मग टर्मिनल, म्हणजे कमांड लिहायची खिडकी, उघडून, 'एक्स्पोर्ट' ही कमांड लिहून, एकेक नंबर टाईप करायचा.
टर्मिनल बंद केलं की यादी पुसली जायची. उद्या पुन्हा पहिल्यापासून.

मला ते बघवायचं नाही.
"नाना, ही ओळ बॅशआरसी फाईलमध्ये टाका ना. टर्मिनल उघडलं की आपोआप सेट होईल."
"अगं, काल गेलेला माणूस आज गेलाच असेल कशावरून?"
मला वाटलं, म्हातारपणीचा हट्ट.

गेल्या हिवाळ्यात नाना तापाने पडले. मी त्यांना न विचारता सगळे नंबर त्या फाईलमध्ये कायमचे टाकले, प्रोग्राम चालू ठेवला आणि कामावर परतले. स्वतःवर भलती खूश होते.

आठ दिवसांनी वारा सुटला. सगळ्यांना मेसेज गेले.
होडीवाल्या हरीभाऊंनाही गेला. ते चारच दिवसांपूर्वी घरी, झोपेत वारले होते.
फोन त्यांच्या बायकोच्या हातात होता.

नानांनी फाईलमधली ओळ काढली आणि अंगात ताप असताना पुन्हा टाईप करायला बसले.
मला लाज वाटली. नंतर विषय काढायची हिंमतच झाली नाही.

आज हरीभाऊंची बायको, पार्वतीकाकी, आमच्या अंगणात येऊन बसली. माझा हात धरून म्हणाली,
"मास्तर तापात घरी आलते गो. हात जोडून बोलले, माझ्या हातून चूक झाली. मी बोलले, राग न्हाय मास्तर. तो मेसेज वाचला नि घडीभर वाटलं, आता येतीलच हे."

तिच्यासमोर मला खरं सांगता आलं नाही. म्हणून इथे, सगळ्यांदेखत लिहिते आहे.

काकी, ती चूक नानांची नव्हती. माझी होती.

नाना, तुमच्या पायांवर डोकं ठेवून सांगते, चुकले मी.