रॅम की ग्राफिक्स कार्ड

धामणगाव बढ्याच्या बाजारात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे अल्बम, वाढदिवसाचे बॅनर, सगळं एकाच कॉम्प्युटरवर. त्याच्यावरच माझी मुलगी दोन मिनिटांची कार्टून फिल्म बनवत होती. ती पुण्याच्या एका ॲनिमेशन कॉलेजला पाठवायची होती. आवडली तर प्रवेश, नाहीतर बसा घरी. आठ दिवस उरले होते आणि कॉम्प्युटर फटकन बंद पडायचा. पूर्ण फिल्म तयार करायला लावली की पंधरा मिनिटांत पडदा काळा. पोरगी रडकुंडीला आली.

हातात जे पैसे होते त्यात कॉम्प्युटरचा एकच भाग नवा येणार होता. ती म्हणे रॅम, मी म्हणे ग्राफिक्स कार्ड.

"बाबा, चार गोष्टी उघडल्या की सगळं अडकते. रॅमच कमी पडून राह्यली."

"तुले काय समजते वं? चित्राचं काम हाय, तर चित्राचंच कार्ड पाहिजे ना!"

खरं सांगायचं तर मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. कारण वेगळंच होतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी शटर अर्धं ओढून मोटारींच्या शर्यतीचा गेम खेळायचो. नवं कार्ड टाकलं की रस्त्यावरची धूळसुद्धा दिसते, असं एका व्हिडिओत पाहिलं आणि जीव त्यातच अडकला. पन्नाशीचा माणूस, सांगणार कोणाला? म्हणून पोरीच्या नावावर खपवत होतो.

रॅमला जागा आहे का पाहायला तिनं स्क्रू काढायला घेतले. मी ओरडलो, "उघडू नको, वॉरंटी जाईन!" सहा वर्षांच्या कॉम्प्युटरला कसली आलीय वॉरंटी!

आत पाहतो तर काय! पंख्याभोवती झेंडूच्या वाळक्या पाकळ्या, आपट्याच्या पानांचा चुरा आणि हळद लागलेल्या अक्षता गच्च बसलेल्या. दर दसऱ्याला दुकानातल्या यंत्रांची पूजा मीच करतो, कोणाला हात लावू देत नाही. कॅमेऱ्यावर चिमूटभर आणि कॉम्प्युटर कमावता म्हणून त्याच्यावर ओंजळभर. वरची हवेची जाळी सपाट, वाहायला बरी पडायची.

"बाबा, हा गरम होऊन बंद पडून राह्यला! तुमीच त्याचा श्वास कोंडला न!"

मला माझाच असा राग आला की सांगायची सोय नाही. पोरीचं वर्ष माझ्या भक्तीपायी बुडालं असतं. कॅमेऱ्याचा ब्रश घेतला आणि एकेक दाणा काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिल्म तयार करायला लावली. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला, पडदा चालूच. मी गिऱ्हाइकांना "दुपारी या" म्हणत दारातूनच परत पाठवत होतो. जेवायच्या वेळेला शंभर टक्के! पोरीनं अशी किंकाळी फोडली की समोरचा चहावाला धावत आला.

फिल्म पाठवून झाल्यावर ती म्हणाली, "आता सांगा, घ्यायचं काय?"

"रॅम."

"आन कार्ड?"

लाज वाटत होती, पण बोलून टाकलं. "ते मले गेमसाठी पाहिजे होतं."

"मालूम हाय. गेममधली नंबरांची यादी पाह्यली काय कधी?"

मी आपला खेळून बंद करणारा. यादी उघडलीच नव्हती. उघडली. पहिल्या नंबरावर तिचं नाव, दुसऱ्यावर मी, अकरा सेकंद मागे. लबाड कुठली! पोट दुखेस्तोवर हसलो दोघं.

रॅम घेतली. तिची निवड झाली, आता ती पुण्यात असते आणि दुपारचा कॉम्प्युटर माझा एकट्याचा. मागच्या आठवड्यात शेवटच्या वळणावर आलो आणि गेममधलं घड्याळ पाहिलं, तर तिचा विक्रम मोडत होता. ब्रेक दाबला आणि मोटार रस्त्यातच उभी केली. पोरगी घरात नाही, निदान तिचं नाव तरी तिथं वर असू दे.