उरलेला अर्धा कप

डोंबिवलीत दारूचा सर्वांत जास्त त्रास कोणाला झाला असेल, तर तो आयुष्यात एक थेंबही न प्यायलेल्या आमच्या आतोबांना. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. या माणसाने कधी सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही. एकदा डॉक्टरांनी खोकल्याचं औषध लिहून दिलं, तर भिंग घेऊन बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली, त्यात किंचित अल्कोहोल असल्याचं शोधून काढलं आणि बाटली दुकानदाराला परत करून आठवडाभर खोकत राहिले. त्या आठवड्यात आत्याचीच झोप उडाली. निवृत्तीनंतर असा माणूस बागेतल्या बाकावर बसून राजकारणावर बोलेल, अशी आमची सगळ्यांची रास्त अपेक्षा होती. आतोबांनी मात्र कल्याणपासून ठाण्यापर्यंतची यच्चयावत व्यसनं स्वतःच्या डोक्यावर घेतली.

त्यांच्या खांद्यावरच्या शबनम पिशवीत एक वही असायची. कुठल्या सरकारी दवाखान्यात व्यसनमुक्तीची ओपीडी कोणत्या वारी असते, केसपेपर कोणत्या खिडकीवर मिळतो, कुठला समुपदेशक आधी ऐकून घेतो आणि कुठला आधी ओरडतो, दारू सोडणाऱ्यांचे गट कुठल्या शाळेत बसतात, दारुड्याच्या बायकोने कोणाकडे जावं, असं सगळं त्या वहीत हजेरीपत्रकावर घोटलेल्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं. सरकारला स्वतःच्या सोयी सापडेनाशा झाल्या असत्या तर त्यांनी आतोबांची वही मागवायला हरकत नव्हती. या वहीतून चिठ्ठ्या निघत. न्हाव्याच्या आरशात, रिक्षाच्या मीटरमागे, पाहुण्यांच्या चपलेत, कुठेही चिठ्ठी सापडे. मी तेव्हा सिगारेट ओढायचो आणि त्यांच्याकडे जाताना दोन वेलच्या चघळत जायचो. ते मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत. घरी आल्यावर बायको कपडे धुवायला घ्यायची तेव्हा शर्टाच्या खिशात चिठ्ठी निघायची: मंगळवार व शुक्रवार, दुसरा मजला, नऊ ते बारा. खाली एक ओळ जास्तीची असायची, वेलची चांगली होती.

मानपाड्याला एका ओळखीच्या घरी हळद होती. गावच्या हळदीत जेवणाइतकीच पिण्याचीही चोख व्यवस्था असते, हे आतोबांना ठाऊक होतं. त्यांनी अहेराच्या पाकिटात शुभेच्छांसोबत वहीचं एक अख्खं पानच उतरवून घातलं आणि ते नवरदेवाच्या बापाच्या हातात दिलं. त्या भल्या माणसाने ते चारचौघांत मोठ्याने वाचून दाखवलं. पुढे आत्या साडी घेऊन स्वतः गेली तेव्हा कुठे ते प्रकरण मिटलं. पण खरी कमाल त्यांनी शाळेजवळच्या पानटपरीच्या बाबतीत केली. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही, हा नियम त्यांना तोंडपाठ होता. अंतर मोजायला त्यांनी आत्याचा शिवणकामाचा टेप नेला. तो पाच फुटी, म्हणजे साठ वेळा लावायचा. सकाळी शाळेच्या फाटकाशी ते रस्त्यावर उकिडवे बसले आणि टेप लावत लावत बेडकासारखे पुढे सरकू लागले. मागे रिक्षांची रांग लागली. अडतिसाव्या टेपाला कोणीतरी किती वाजले विचारलं, त्यांनी ते सांगितलं आणि आकडा विसरले. पुन्हा फाटकापासून सुरुवात. तिसऱ्या खेपेला टपरीवालाच कंटाळून आला आणि टेपाचं दुसरं टोक धरून बसला. मोजणीत टपरी चार टेप आत निघाली. आपल्याच हाताने मोजलेलं नाकारायचं कसं, म्हणून त्याने महिन्याभरात ती पुढच्या कोपऱ्यावर नेली. त्यानंतर आतोबा दिसले की तो टपरीतूनच हात जोडायचा. त्यात भक्ती किती आणि भीती किती, हे मला कधी नीटसं कळलं नाही.

हे खूळ त्यांच्या डोक्यात कुठून शिरलं, ते मला आत्याने सांगितलं. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात आतोबा हजेरी लावायच्या कामावर होते. त्यांचा एक सोबती पिऊन घरी पडलेला असायचा. त्याची नोकरी जाऊ नये म्हणून आतोबांनी दोन वर्षं त्याची हजेरी गुपचूप लावली. नोकरी राहिली, सोबती राहिला नाही. कामावरून काढला असता तर निदान शुद्धीवर आला असता, असं ते एकदाच आत्याला म्हणाले आणि पुन्हा कधी त्याचं नाव काढलं नाही. मला वाटतं, तेव्हापासून ते गावभर खऱ्या हजेऱ्या लावत फिरत होते.

घराजवळच्या शाळेच्या एका वर्गात दर रविवारी सकाळी दारू सोडणाऱ्यांचा गट बसतो. लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसतात आणि आपापली कहाणी सांगतात. आतोबांना त्या गटात भारी मान होता, पण तिथे बोलण्याचा अधिकार नव्हता, कारण सांगायला कहाणीच नव्हती. बैठक चालू असताना ते व्हरांड्यात स्टोव्ह पेटवून चहा करायचे. चहा मात्र असा, की तो पिण्यासाठी माणसाने दारू सोडावी. आलं ते स्वतः ठेचत, गाळणं घरून आणत. इतरांना एकेक कप देऊन उरलेली किटली ते स्वतः संपवायचे. घरी दिवसाचे बारा-चौदा कप वेगळे. आत्या म्हणायची, माझ्या सवतीला कान आहे आणि ती बशीवर बसते.

या गटात एक रिक्षावाला यायचा. गटातली नावं गटाबाहेर न्यायची नाहीत असा नियम आहे, म्हणून त्याचं नाव सांगत नाही. माणूस मानपाड्याकडचा, बोलीने आगरी, अंगाने आडवा, मनाने हळवा. महिनाभर सोडायचा आणि पुन्हा धरायचा. त्याची बायको मुलीला घेऊन विठ्ठलवाडीला माहेरी निघून गेली होती. सलग सहा महिने थेंबही घेतला नाहीस तर येईन, नाहीतर कायमची तिकडेच, असं स्पष्ट सांगून गेली होती. एका रविवारी मी आतोबांना स्टोव्हला रॉकेल घालून देत होतो, तेव्हा तो व्हरांड्यात आला. पुन्हा घसरला होता. आतोबांनी नेहमीप्रमाणे मनाच्या निर्धारावर बोलायला सुरुवात केली. त्याने निमूट ऐकून घेतलं आणि त्यांच्या हातातल्या बशीकडे पाहत म्हणाला, "काका, तुमी जल्मात कई काय सोरलंय? मंग तुमाना कसा कलंल?"

आतोबांनी सवयीने बशीत आणखी चहा ओतला. त्यावर तो म्हणाला, "तुमी च्या सोरा, मी दारू सोरतो."

तो गमतीत बोलला असावा. आतोबांनी बशी खाली ठेवली, चहा झाडाच्या आळ्यात ओतला आणि त्याच्या हातावर हात मारला.

पुढचे दिवस आमच्या घराण्याच्या इतिहासात कोणी विसरणार नाही. पहिल्या दिवशी आतोबांचं डोकं दुखलं, दुसऱ्या दिवशी त्यांच्यामुळे आत्याचं. चौथ्या दिवशी पेपर उशिरा आला म्हणून ते पेपरवाल्याशी भांडले, आणि तो पेपर आदल्या दिवशीचा असल्याचं कळल्यावर आणखी भांडले. गरम पाणी, ताक, गवती चहाचा काढा, सगळं करून झालं. शेजारच्या घरी चार वाजता आधण ठेवलं की हे आपल्या गॅलरीत जाऊन उभे राहायचे आणि कठडा घट्ट धरायचे. मी विचारलं तर म्हणाले, वारा चांगला आहे. पण रविवारी गटासाठी चहा तेच करत होते, आणि रिक्षावाला दाराशी उभा राहून त्यांच्यावर नजर ठेवत होता. ते त्याच्यावर ठेवत होतेच. असे एकोणचाळीस दिवस गेले आणि दोघेही कोरडे राहिले.

महिन्याच्या पहिल्या रविवारी गटाची खुली सभा असते. तिथे नातेवाइकांनाही, बाहेरच्यांनाही बसता येतं आणि बोलताही येतं. आतोबांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. चेहरा पडलेला होता. सभा सुरू झाली आणि ते हात वर करून उभे राहिले. इतक्या वर्षांत ते तिथे पहिल्यांदाच बोलायला उभे राहत होते, त्यामुळे सगळे बाकांवर सावरून बसले.

"परवा मी माजिवड्याला एका शाळेत गेलो होतो," ते म्हणाले. "तंबाखूवर भाषण होतं. नंतर बाईंनी समोर चहा ठेवला. मी बोलण्याच्या नादात होतो. अर्धा कप गेल्यावर लक्षात आलं." त्यांनी खांद्यावरची पिशवी काढून बाकावर ठेवली. "उरलेला अर्धा मी लक्षात आल्यावर प्यायलो. माझा गुन्हा त्या दुसऱ्या अर्ध्याचा आहे. कोणी पाहिलं नव्हतं. गप्प बसलो असतो तर चाललं असतं. आत्तापर्यंत मी तुम्हाला पुष्कळ सांगितलं. कळलं मात्र परवा."

दोन-तीन जण हसले आणि मग हसायचे थांबले. मी रिक्षावाल्याकडे पाहिलं. सौदा मोडला होता आणि मोडणारा तो नव्हता. पिणाऱ्याला निमित्त पुरतं, आणि इथे तर आतोबांनी ते आपल्या हाताने त्याच्या पुढ्यात वाढलं होतं. विठ्ठलवाडीला बसलेली ती बाई आता येत नाही, असं माझ्या मनात येऊन गेलं. मला आतोबांचा फार राग आला. एवढं खरं बोलायची काय गरज होती, असं वाटलं.

रिक्षावाला बाकातून कसाबसा बाहेर आला. आतोबांपाशी जाऊन त्याने त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं आणि म्हणाला, "काका, तुमचा आज परत पयला दिस. माझा बेचालीसावा हाय. मी फुरं चालतो, तुमी मागशी या."

मी व्हरांड्यात जाऊन उगाचच स्टोव्हला पंप मारला. डोळ्यांत धूर गेला, असं कोणी विचारलंच तर सांगायचं ठरवलं होतं. कोणी विचारलं नाही.

सहा महिने झाले आणि त्याची बायको मुलीला घेऊन परत आली. वर्ष झालं तेव्हा गटाने त्याचा वाढदिवस केला. दारू सोडल्याचा वाढदिवस तिथे खऱ्या वाढदिवसापेक्षा मोठा असतो. ती आली होती. तिने घरून चहा करून आणला होता, आणि पहिला कप आतोबांपुढे धरला. रिक्षावाला म्हणाला, "घ्या काका. मी आता माझ्या पायावर हाय."

आतोबांनी कप घेतला, नाकाशी नेला, डोळे मिटले आणि माझ्या हातात दिला. "तू असशील," ते त्याला म्हणाले, "मी अजून नाही."

आता आतोबांचे गुडघे साथ देत नाहीत. तीन जिने उतरायला डॉक्टरांनी मनाई केली आहे. वही माझ्याकडे आली आहे, आणि खिशात चिठ्ठ्या टाकणारं कोणी नसलं तरी सिगारेट सुटून आता दुसरं वर्ष चालू आहे. रविवारी सकाळी मी त्यांच्याकडून किटली आणि गाळणं घेऊन शाळेत जातो, चहा करतो आणि दुपारी परत आणून देतो. ते गॅलरीतल्या खुर्चीत वाट पाहत असतात. तो आला होता का, एवढंच विचारतात. आला होता, मी सांगतो. मग ते रिकाम्या किटलीचं झाकण काढतात, आत नाक घालून एक लांब श्वास घेतात आणि झाकण परत लावतात.

"आलं कमी पडलं," ते म्हणतात, आणि किटली बराच वेळ मांडीवरच ठेवून बसतात.