चादरीच्या भावातली वाईन

वाईन चाखणाऱ्या मंडळींत मी गेले ती पिण्यासाठी नव्हे, नाकासाठी. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या गल्लीत ही गोष्ट वेगळ्याच चालीवर फिरली आणि अजून फिरते आहे.

गेली कित्येक वर्षं मी शेंगाची चटणी करून विकते. सोलापुरात चटणी करणाऱ्या पुष्कळ आहेत, आणि प्रत्येकीला वाटतं आपल्या हाताला चव आहे. मला विचाराल तर हाताचा यात काही संबंध नाही. सगळा खेळ नाकाचा. शेंगदाणे भाजताना एक क्षण येतो, त्याच्या आधी उतरवले तर कच्चे, नंतर उतरवले तर कडू. तो क्षण डोळ्यांना दिसत नाही, वासानेच कळतो. पोतं घेतानाही तसंच. त्याचं तोंड उघडायचं, मूठभर दाणे नाकाशी न्यायचे, की माल कोरडा की ओल धरलेला ते लगेच समजतं. मार्केट यार्डात माझ्या नाकाला व्यापारी वचकून असत. त्याचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू.

गणपतीत मला ताप आला. चार दिवसांत उतरला आणि उतरताना वास घेऊन गेला. मोदकाच्या सारणात वेलदोडा पडलाच नाही म्हणून मी सुनेवर ओरडले. ती हळूच म्हणाली, "आई, उलट जरा जास्तच झालाय." मी सारण नाकाला लावलं. काहीच नाही. लवंग फोडून हुंगली, कापूर हुंगला. भिंत हुंगावी तसं.

मी ते कुणाला कळू दिलं नाही आणि तिथेच माझं चुकलं. दसऱ्याच्या आधी नेहमीच्या रुबाबात यार्डात गेले, मूठभर दाणे नाकाशी नेल्याचं नाटक केलं आणि चार पोती उचलली. त्यातलं एक ओल धरलेलं होतं. सगळ्या घाण्याची चटणी झाली, पाकिटं बाहेर गेली. आठवड्याने अक्कलकोटकडच्या माझ्या जुन्या गिऱ्हाईक बाई पिशवी घेऊन दारात उभ्या. "अक्का, ह्या बारीला चटणी कुबट लागती की," एवढंच म्हणाल्या. रागावल्यासुद्धा नाहीत. एसटीने तेवढ्यासाठी आल्या होत्या. मी पाकिटं परत घेतली, त्यांना चहा दिला आणि त्या गेल्यावर मोरीत जाऊन रडले.

तेव्हापासून सून माझं नाक झाली. ती शाळेत शिकवते, सकाळची शाळा. तरी पाचला उठून कढईशी उभी राहायची, वास घ्यायची, "आता उतरवा" म्हणायची, मग आंघोळ करून पळायची. तिने कधी कुरकुर केली नाही. केली असती तर मला बरं वाटलं असतं. मी मनाशी ठरवलं, अक्षय्य तृतीयेपर्यंत वास परत आला तर ठीक, नाहीतर चटणी बंद. पोरीची झोप मोडून धंदा करायचा नाही. हे घरात कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर सगळ्यांनी मला समजावलं असतं, आणि समजावून घेण्याचा मला मनापासून कंटाळा आहे.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंनी चार छोट्या बाटल्या दिल्या होत्या. लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी. सकाळ-संध्याकाळ हुंगायच्या आणि तो वास आठवायचा प्रयत्न करायचा. दोन महिने केलं. एके दिवशी त्यांच्या टेबलावर चारही बाटल्या आपटून मी म्हटलं, "डॉक्टर, हे मला जमायचं नाही. एकटीने बसून गुलाब हुंगायला मी काय वेडी आहे?"

त्या हसल्या. म्हणाल्या, "मग एकटीने हुंगू नका. रविवारी संध्याकाळी आमच्या गच्चीवर या. महिन्यातून एकदा आम्ही तिघं जमतो आणि दोन तास नुसता वासच घेत बसतो."

"कशाचा?"

"वाईनचा."

"मी घेत नाही."

"घेऊ नका. हुंगा."

घरी मी सांगितलं, डॉक्टरांनी उपचारासाठी बोलावलंय. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

गच्चीवर डॉक्टरीणबाईंखेरीज दोघं होते. एक रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, त्यांना सगळे सर म्हणत. दुसरे शहराच्या पूर्व भागातले टॉवेलवाले, स्वतःचा कारखाना असलेले. त्यांच्या घरात तेलुगू बोलतात, कारखान्यात मराठी आणि गच्चीवर जे तोंडाला येईल ते. "बसा अक्का, हितं वारं लागतंय," असं म्हणून त्यांनी स्वतःची खुर्ची मला दिली. एका वाक्यात माणूस मला आवडून गेला.

या मंडळींचा एकच नियम होता आणि तो टॉवेलवाल्यांनी घातलेला होता. सोलापुरी डबल चादरीपेक्षा महाग बाटली आणायची नाही. "चादर दहा वर्सं टिकती. ही बाटली तासात संपणार. तिला चादरीपेक्षा जास्त मान कशाला?" चादरीचा भाव अर्थातच ते स्वतः सांगणार. त्या भावात चांगलं काय मिळतं ते शोधायचं, हाच त्यांचा छंद. पुण्याला कुणी गेलं की दुकानात अर्धा तास फळ्या धुंडाळायचे आणि कुठली बाटली स्वस्त असून बरी निघाली हे एकमेकांना फोन करून सांगायचे, एखाद्या स्थळाची माहिती द्यावी तसं.

बाटल्या आल्या की डॉक्टरीणबाई त्या आत नेत, बुचं काढत आणि विणीत दोष राहिलेल्या टॉवेलांत गुंडाळून बाहेर आणत, मग सर त्यांच्या जागा बदलत. कुणाची बाटली कुठली हे चव घेऊन, गुण देऊन झाल्यावरच उघडायचं. लेबल बघून माणूस लबाड होतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

सर ग्लास नाकाशी नेऊन डोळे मिटत. "ब्लॅककरंट. थोडा ओकच्या लाकडाचा वास." मी एकदा विचारलं, "सर, ब्लॅककरंट कधी खाल्लंत?" ते गडबडले. पुस्तकात वाचलेलं फळ ते वाईनमध्ये शोधत होते. मी म्हटलं, मग आपल्या ओळखीचं काही बोला की. सरांना राग आला, पण टॉवेलवाल्यांना कल्पना फार आवडली. त्या दिवसापासून गच्चीवर जांभूळ आलं, करवंद आलं, काकवी आली, हुरड्याच्या आगटीचा धूर आला. एका पांढऱ्या वाईनला टॉवेलवाले म्हणाले, "नव्या सुताला खळ लावल्यावर येतो की नाही, तसा वास." आणि डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली.

मला यातलं काही येत नव्हतं. ते जांभूळ म्हणत आणि मी माझ्या रिकाम्या नाकाने ग्लास हुंगत जांभूळ आठवत बसे. माहेरच्या विहिरीवरचं झाड, जिभेचा जांभळा रंग. वास मात्र नाही. दर वेळी परत येताना रिक्षात मला राग यायचा, त्या सगळ्यांचा, त्यांच्या धडधाकट नाकांचा. आणि तरी पुढच्या महिन्यात मी जायचे. तीन माणसं इतकं मन लावून कशाचा तरी वास घेतात, त्यात बसायला बरं वाटायचं.

चैत्रातला रविवार. अक्षय्य तृतीयेला थोडेच दिवस उरले होते. ऊन असं की संध्याकाळी पाचलाही गच्चीच्या फरशीवर पाय ठेववत नव्हता. त्यात दुपारपासून वीज नव्हती, फ्रीज बंद. लाल वाईन घरातल्या तापमानाला प्यावी असं सरांच्या पुस्तकात होतं, पण ते पुस्तक लिहिणाऱ्याचं घर सोलापुरात नसणार. वाईन चहासारखी कोमट झाली होती. टॉवेलवाले म्हणाले, "त्यात काय एवढं? टॉवेल भिजवा की. माठाला फडकं गुंडाळतो तसं." डॉक्टरीणबाईंनी तिन्ही टॉवेल चिंब करून बाटल्यांना गुंडाळले आणि त्या वाऱ्यावर तासभर ठेवल्या.

वाईन झकास गार झाली. ग्लास भरले. पहिल्या बाटलीला सर्वांनी बरे गुण दिले. दुसरीला सगळे वा वा म्हणाले, करवंद आणि वर जरा मिरी. तिसरा ग्लास मी उचलला, सवयीने नाकाशी नेला आणि खाली ठेवला. पुन्हा उचलला.

पोतं. ओल धरलेलं पोतं. पावसाळ्यात गोदामाच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून राहिलेलं गोणपाट.

पहिल्यांदा वाटलं, भास आहे. इतके महिने मी वास आठवतच बसले होते, मन काय वाटेल ते दाखवील. ग्लास बाजूला केला, वास गेला. जवळ आणला, आला.

"याला ओल्या पोत्याचा वास येतोय," मी म्हटलं.

सर लगेच म्हणाले, "बाई, तो ओल्या टॉवेलचा असेल." मी टॉवेलचं टोक ओढून नाकाला लावलं. काही नाही. ग्लास लावला, पोतं. "टॉवेलचा नाही सर. मी जन्मभर पोती हुंगली आहेत."

डॉक्टरीणबाईंनी तो ग्लास हुंगला. मग वाईन विसरून त्या माझ्याकडेच बघायला लागल्या. "काकू, तोंड फिरवा," म्हणाल्या. टॉवेलवाल्यांनी माझ्या पाठीमागे ग्लासांची अदलाबदल केली. मी डोळे मिटून एकेक हुंगला आणि पोत्यावर बोट ठेवलं. पुन्हा अदलाबदल, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. "बूच खराब निघालं की अगदी असाच वास धरते वाईन," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी रडत होते. टॉवेलवाल्यांनी डोळे पुसायला टॉवेल पुढे केला, तो ओलाच होता.

मग बाटल्यांवरचे टॉवेल काढले. लेबलं भिजून टॉवेलांना लगद्यासारखी चिकटली होती. तिन्ही बाटल्या नागड्या, तिन्ही काळपट हिरव्या. कुठली कुणाची, काही कळेना. सरांनी तिसरी उचलली, तिच्या बुडाच्या खोलगट भागात अंगठा घातला आणि त्यांचा चेहरा पडला. "ही माझी," ते म्हणाले. "एवढं खोल बूड हिचंच. परदेशातली आहे. चादरीच्या नियमात बसत नव्हती. म्हटलं, एकदा तुम्हाला दाखवावं की वाईन कशी असते."

ती बाटली टॉवेलात गुंडाळलेली नसती तर काय झालं असतं, हे अजूनही माझ्या मनात येत राहतं. त्या दिवशी लेबल आधीच दिसलं असतं तर परदेशी वाईनला पोत्याचा वास येतो म्हणायची माझी छाती झाली नसती. मी नाकालाच खोटं पाडलं असतं आणि घरी येऊन चटणी बंद केली असती.

पहिली बाटली डॉक्टरीणबाईंनी पुन्हा एक घोट घेऊन आपली म्हणून ओळखली, म्हणजे वा वा मिळालेली करवंदाची बाटली टॉवेलवाल्यांची निघाली. अकलूजकडच्या द्राक्षांची, डबल तर सोडाच, सिंगल चादरीहून स्वस्त. ते इतके खूश झाले की, "सर, दंड म्हणून टॉवेल तुमी धुवायचे," असं त्यांनी जाहीर करून टाकलं. सरांनी खरंच धुतले. मीही त्या दिवशी त्या बाटलीतला एक घोट घेतला. आंबट लागला. पण घेतला.

घरी आले ती चप्पल न काढताच आतल्या खोलीत गेले. उन्हाळ्यासाठी भरलेली तीन पोती तिथे होती, सुनेनेच हुंगून घेतलेली. पहिल्यात डोकं घातलं, काही नाही. दुसऱ्यात काही नाही. तिसऱ्यात वरवर काही नाही, पण कोपरापर्यंत हात घालून खालचे दाणे काढले आणि तोच वास. सुनेला हाक मारली. तिने ते दाणे हुंगले, पुन्हा हुंगले. "मला तर काहीच येत नाही, आई."

"ओत," मी म्हटलं.

दोघींनी मिळून पोतं चादरीवर रिकामं केलं. तळाला, शिवणीजवळ, मुठीएवढा दाण्यांचा गोळा बुरशी धरून बसला होता. सून कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. मी तिला सगळं सांगितलं, गच्ची, वाईन, घोटसुद्धा. अक्षय्य तृतीयेचंही सांगितलं. लसणाचा वास अजून येत नाही हेही सांगितलं.

ती चादरीवरचे चांगले दाणे ओंजळीने वेगळे करत राहिली. ते होत आल्यावर वर न बघताच म्हणाली, "मग आई, उद्या मी सहापर्यंत झोपले तर चालेल?"