नवाब, नवी गाडी आणि माझं प्रॅक्टिकल डोकं

मी प्रॅक्टिकल माणूस आहे. (हे माझं मत. इतरांची मतं पुढे येतीलच, त्यांना थोपवणं माझ्या हातात नाही.)

हा शब्द मला एका साहेबांनी बहाल केला. आमच्या शिक्षकांच्या ट्रेनिंगमध्ये एकदा प्रोजेक्टर बंद पडला. सगळे मास्तर त्याच्याभोवती गोळा होऊन वायरी ओढत होते. मी म्हणालो, "तोवर चहा घेऊ या." साहेब खूश! "व्हेरी प्रॅक्टिकल!" म्हणाले. झालं, त्या दिवसापासून मी बिघडलो. हुशार, चलाख, व्यवहारी हे शब्द मला एकदम जुनाट वाटायला लागले. पेट्रोल भरताना मी प्रॅक्टिकल, भाजी घेताना मी प्रॅक्टिकल! बायको सुरेखा मिक्सर दुरुस्तीला टाकायला निघाली, तर मी म्हणालो, "अगं, जरा प्रॅक्टिकल विचार कर," आणि मिक्सर स्वतः उघडला. (आमच्याकडे आता पाटा-वरवंटा आहे.)

आम्ही बीदरला नौबादमध्ये राहतो. सुरेखाचं माहेर हुलसूर. तिच्या धाकट्या भावाचं, नागनाथचं लग्न राजेश्वर गावच्या मुलीशी ठरलं, आणि ठरलं ते एका मेंढ्यामुळे. मुलीचे आजोबा, ज्यांना सगळे अज्जा म्हणतात, मुलगा बघायला हुलसूरला आले. त्यांनी मुलाकडे जेमतेम नजर टाकली आणि थेट गोठ्यात जाऊन मेंढ्यापाशी बसले. दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांचं अर्धं आयुष्य मेंढरांमागे गेलेलं. आता शेती आहे, नोकऱ्या आहेत, पण लोकर दिसली की हात जातोच. आणि मेंढा तरी कसला! काळा कुळकुळीत, शिंगं जिलेबीसारखी वळलेली, चाल अशी की आपणच बाजूला व्हावं. नावच नवाब.

सासरे आनंदाच्या भरात म्हणाले, "अज्जा, आवडला का? मग तुमचाच की! साखरपुड्याला घेऊनच येतो."

शब्द दिला गेला. आता नवाब गेला नाही तर शब्द जाणार होता.

साखरपुड्याच्या सकाळी मामांनी (सासऱ्यांना मी मामा म्हणतो) सगळ्या पाव्हण्यांसाठी क्रूझर आणि नवाबसाठी टेम्पो ठरवला होता. तेवढ्यात मी माझी नवी गाडी घेऊन अंगणात उतरलो.

"मामा, एका मेंढ्याला आख्खा टेम्पो? जरा प्रॅक्टिकल बघा! माझी गाडी मोकळीच जायलीय की."

"जावईबापू, नवी गाडी हाय. घाण करंल त्यो."

"ताडपत्री टाकू!"

मागचं अर्धं सीट पाडलं, ताडपत्री अंथरली, नवाबला आत चढवलं. त्याने सीटचा वास घेतला आणि पसंतीची मान हलवली. मला चेव आला. नागनाथ नवा कोट, नवी पँट घालून ऐटीत येत होता. त्याला दारातच अडवलं.

"नागनाथ, हे काढ. मेंढ्याशेजारी बसायचंय. लोकर लागंल, घडी मोडंल. बर्मुडा आणि बनियनवर चल. कपडे हँगरला लावू. राजेश्वरच्या अलीकडं थांबून बदल."

"दाजी, कोणी बघितलं म्हंजे?"

"गाडीत कोण बघायलंय तुला?"

नवरीची साडी, अंगठी, पेढे, पानं, सगळं क्रूझरच्या गर्दीतून काढून मी माझ्या गाडीत घेतलं. गर्दीत काही हरवलं म्हणजे? मामा अंगणातल्या पाव्हण्यांना अभिमानाने सांगत होते, "जावई लई पॅक्टिकल हाय आमचा!" माझी छाती इतकी फुगली की सीटबेल्ट लागेना.

क्रूझर पुढे गेली. मागून आम्ही. मी आणि सुरेखा पुढे, नागनाथ आणि नवाब मागे. नागनाथने बर्मुड्याच्या खिशात शेंगदाणे भरून घेतले होते आणि नवाबला एकेक भरवत होता. एसी चालू, गाणी चालू. नवाबने वाटेत एकदासुद्धा तक्रार केली नाही. (असं माझ्या बाकीच्या सासरबद्दल म्हणता येणार नाही.)

राजेश्वरच्या अलीकडे रस्त्याकडेला चहाचं हॉटेल लागलं. तिथे थांबलो. हातपाय धुवायचे आणि नागनाथचा नवरदेव करायचा, एवढंच काम.

सुरेखा म्हणाली, "चावी काढा की."

"चावी काढली की एसी बंद होतंय. नवाबला गरम होईल. इंजिन राहू दे चालू. प्रॅक्टिकल!"

माझा फोन रस्ता दाखवायला पुढे अडकवलेला, नागनाथचा चार्जिंगला लावलेला, सुरेखाचा पर्समध्ये आणि पर्स सीटवर. दोनच मिनिटांचा तर प्रश्न होता! आम्ही तोंडं धुतली, आणि नागनाथ हँगरवरचे कपडे घ्यायला गाडीकडे गेला.

टक्.

तो आवाज मी अजून विसरलो नाही. नवाब मागून उडी मारून ड्रायव्हरच्या सीटवर आला होता आणि त्याचा पुढचा पाय दारावरच्या लॉकच्या बटणावर होता.

"दाजी, दार उघडंना!"

"हँडल वढ की!"

"वढायलोय की!"

"दुसरं बघ!"

आम्ही गाडीभोवती प्रदक्षिणा घातली. चारही दारं बंद. आत नवाब, चावी, तीन फोन, साडी, अंगठी आणि आख्खा साखरपुडा. बाहेर आम्ही तिघं, त्यातला एक बनियनवर!

सुरेखाने फार शांतपणे विचारलं, "दुसरी चावी कुठं हाय?"

"नौबादला. कपाटात."

"कामून?"

"हरवू नये म्हणून."

 

हां हां म्हणता गर्दी जमली. हॉटेलवाला कन्नडमध्ये विचारत आला, "एन आत्री, अण्णा?" काय झालं ते त्याने स्वतःच काचेतून बघितलं आणि आत जाऊन आपल्या घरच्यांनाही बोलावून आणलं. एक ट्रकवाला खाली उतरला, गाडीत डोकावला आणि म्हणाला, "क्या भई, मेंढा गाडी सीखरा क्या?" लोक पोट धरून हसले. एकजण म्हणाला, काच फोडा. दुसऱ्याने दगड आणलासुद्धा! मी दगड आणि काच यांच्यामध्ये दोन्ही हात पसरून उभा राहिलो. नव्या गाडीला दगड? छातीवर घ्यायला तयार होतो मी!

मग मी हॉटेलवाल्याकडून तार मागून घेतली आणि रबराच्या फटीतून आत घालायला लागलो. तार आत गेली. नवाबने ती दातात धरली आणि ओढून घेतली. तारही गेली!

त्यानंतर त्याला पेढ्यांचा वास आला. पुठ्ठ्याचा डबा त्याने एका शिंगात उघडला. पेढे संपवून पानं खाल्ली. (माणसंही याच क्रमाने खातात, त्याला तरी काय नावं ठेवायची.) मग तोंड पुसायला काहीतरी हवं म्हणून तो हँगरकडे वळला.

"दाजी! बाही! कोटाची बाही खायलाय!"

नागनाथ काचेवर दोन्ही हात आपटत होता. बिचाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "हे समदं तुमच्या प्रॅक्टिकलपायी, दाजी! टेम्पोत काय वाईट होतं?"

"आता दाखवा की प्रॅक्टिकल!" सुरेखा.

सुरेखाने हॉटेलवाल्याचा फोन घेऊन मामांना लावला. पलीकडून मामांचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. "कुठं हाव गा तुम्ही? मुहूर्त टळायलाय! पाव्हणे दारात उभे हाईत!"

"दादा," सुरेखा वडिलांना म्हणाली, "नवाबनं गाडी आतून लावून घेतली. आमी भाईर हाव."

 मामा म्हणाले, "भिऊ नको. जावईबापू संगं हाईत न्हवं? ते पॅक्टिकल हाईत. काढतील काई तरी."

शिव्या दिल्या असत्या तर एवढं लागलं नसतं हो!

थोड्याच वेळात राजेश्वरकडून एक स्कूटर भरधाव आली. मागे अज्जा, धोतर आवरत बसलेले. आणि स्कूटर चालवत होती साक्षात नवरी, भाग्यश्री! घरचे सगळे बाप्ये मांडवात अडकलेले, अज्जा नवाबच्या काळजीने पायी निघालेले, म्हणून ही नेसलेली साडी खोचून त्यांना घेऊन आली होती.

नागनाथ माझ्या मागे लपला. मी बारीक आहे, तोही बारीक आहे, त्यामुळे लपून काही उपयोग झाला नाही. भाग्यश्रीने आधी गाडीतला मेंढा बघितला. त्याच्या तोंडात लोंबणारी बाही बघितली. मग माझ्या खांद्यावरून डोकावणारा आपला होणारा नवरा, बनियनसकट, बघितला.  मोडतंय की काय लग्न!

आणि ती हसायला लागली. अशी हसली की स्कूटरचा आधार घेऊन खालीच बसली. नागनाथ माझ्या मागून हळूच बाहेर आला आणि तोही हसला. एवढ्या गोंधळात त्या दोघांचं तिथेच जमून गेलं, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मी अज्जांना तोंड देत होतो.

"मेंढा गाडीत कुणी घातला?"

"मीच, अज्जा. प्रॅक्टिकल म्हणून."

"ते काय असतंय?"

"म्हणजे... व्यवहारी डोकं, अज्जा. पुढचं वळखून आधीच सोय करून ठेवायची."

अज्जांनी गाडीकडे बघितलं, नागनाथकडे बघितलं. "अन् ही समदी सोय तूच केलास व्हय?"

ट्रकवाला पुन्हा हसला. मग अज्जांनी मला बाजूला सारलं, काचेला तोंड लावलं आणि टाळूला जीभ लावून मेंढरं बोलवायची हाक दिली, "टिर्रर्र हा! टिर्रर्र हा हा!"

नवाबचे कान उभे राहिले. गाडीत जी काय उलथापालथ सुरू झाली! त्याने उडी मारली ती हॉर्नवर. हॉर्न जो लागला तो लागलाच! वायपर सुरू झाले. काचेवर पाण्याच्या चिळकांड्या उडाल्या. दोन्हीकडचे दिवे लुकलुकायला लागले, रेडिओ गर्जायला लागला. माझ्या गाडीत इतकी बटणं आहेत हे मलाही तोवर माहीत नव्हतं! महामार्गावरच्या गाड्या थांबून बघायला लागल्या. अज्जा हाका मारतायत, नवाब आतल्या आत गिरक्या घेतोय, मी "सावकाश, सावकाश!" ओरडतोय. कोणाला ओरडतोय ते मलाही ठाऊक नाही. आणि अचानक, सर्रर्र... ड्रायव्हरकडची काच खाली!

नवाबचं डोकं बाहेर आलं. एका शिंगात कोट अडकलेला. भाग्यश्रीने त्याच्या मानेखालून हात घातला, लॉक दाबलं आणि दार उघडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

अंगठी पर्समध्ये होती आणि पर्स नवाबला आवडली नव्हती, म्हणून वाचली. साडीवर फक्त एक खूर उमटला होता. पण कोटाला एकच बाही उरली होती, आणि पँटवर नवाबने जे काही केलं होतं ते झटकून जाण्यातलं नव्हतं.

सुरेखा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "काढा."

"काय?"

"शर्ट-पँट. तुमच्या दोघांचं माप एकच हाय."

"आणि मी?"

"तुम्ही ना," ती गोड हसून म्हणाली, "जरा प्रॅक्टिकल बघा."

तर हॉटेलच्या बाथरूममधून नागनाथ माझा इस्त्रीचा शर्ट आणि पँट घालून नवरदेव होऊन बाहेर पडला, आणि त्याच्यामागून बर्मुडा-बनियनवर, खांद्याला हॉटेलवाल्याचा टॉवेल टाकून, मानाचा जावई!

साखरपुडा झकास झाला. अंगठ्या झाल्या, फोटो झाले. मी मांडवाच्या अगदी टोकाला, खांबामागे उभा होतो. पण बर्मुड्याच्या खिशात अजून शेंगदाणे होते, आणि ते नवाबला चांगलं ठाऊक होतं. मी खांब बदलला की तोही खांब बदलायचा. मी बसलो की माझ्या मांडीवर मान टाकायचा. तिकडे जावयांना शाल-टोपी देण्यासाठी माझ्या नावाचा पुकारा चालला होता, आणि खरं सांगतो, ओ द्यायची माझी हिंमत झाली नाही.

नवरीची अज्जी लांबून हे सगळं बघत होती. ती घरातून हलली नव्हती, त्यामुळे तिला रस्त्यावरचं काही माहीत नव्हतं. ती जवळ आली आणि शेजारी उभ्या असलेल्या सुरेखाला म्हणाली, "बाई, ह्यो तुमचा गडी मेंढ्याला लई लळा लावलाय की! आमच्याकडं मेंढरं बघायला कोणी टिकंना. ह्याला हितंच ठिवताव काय?"

मी सुरेखाकडे आशेने बघितलं. आता ती सांगणार, अज्जी, हे माझे मालक, बीदरला मास्तर हाईत.

"ठिवून घ्या की," सुरेखा म्हणाली. "मी न्हाई म्हणत न्हाई."

अज्जीने मला उभं राहायला सांगितलं. दंड दाबून बघितला. पोटऱ्या बघितल्या. मग बराच वेळ माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं आणि मान हलवली.

"नको बाई. ह्यो लई विचार करणारा दिसायलाय. तवर मेंढरं दुसऱ्याच्या रानात जातील."