उन्हात वाळवलेला नमुना

तुमची आई तुम्हा दोघांना घेऊन परदेशी गेली, तेव्हा मी सांगलीतल्या एका लहान प्रयोगशाळेत काम करत होते. तुमचे आजोबा त्याआधीच वारले होते. घरी बोलायला कुणी नव्हतं, म्हणून सुटी झाली तरी मी तिथेच रेंगाळत असे.

कोरेगावजवळच्या एका बाईंची कोंबड्यांची शेड होती. मुलगा फौजेत, घरात त्या, सून आणि लहानगी नात. नातीला रक्ताची हगवण लागे, औषधानं थांबे, परत सुरू होई. कोंबड्यांमुळेच होतंय असं निघालं, तर पोरीला घेऊन विट्याला माहेरी जाईन, असं सुनेनं बजावलं होतं. बाई एसटीनं आल्या, कोंबड्यांच्या विष्ठेच्या पुड्या माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "तेवढं न्हाई म्हणून लिवा, बाई."

"सापडलं नाही तर लिहीन," मी म्हटलं.

मला संशय होता कॅम्पिलोबॅक्टरचा. हा जंतू वाढवणं फार अवघड. त्याला भरपूर हवा सोसत नाही, अजिबात नसूनही चालत नाही, आणि ऊब कोंबडीच्या अंगासारखी हवी. आमच्याकडे खास यंत्रं नव्हती. जंतू वाढवायच्या, मेंढीचं रक्त घातलेल्या काचेच्या बशा मी लोणच्याच्या काचेच्या बरणीत रचायची, आत मेणबत्ती पेटवायची आणि झाकणाला व्हॅसलीन लावून घट्ट बसवायची. ज्योत विझली की आत हवी तेवढीच हवा उरायची. ती विझेपर्यंत मी समोर बसून राही. तेवढा वेळ खोलीत कुणीतरी आहे असं वाटे.

बशा कोऱ्या निघाल्या. बाईंनी पुन्हा पुड्या पाठवल्या, पुन्हा कोऱ्या. पण नात आजारीच होती. 'जंतू नाही' असं लिहायला माझा हात धजेना. एका रविवारी मी स्वतःच कोरेगावला गेले.

अंगणात सुपात काहीतरी वाळत होतं.

"आवं, तुमच्यासाठीच!" बाई अभिमानानं म्हणाल्या. "वली घाण तुमास्नी कशी धाडायची? चांगलं ऊन दावते, खडं निवडते, मग पुडी बांधते."

"पापडालासुदीक एवढं जपत न्हाईत आत्याबाई," सून आतून म्हणाली.

मला हसू आलं, पण चूकही कळली. हा जंतू कोरडा पडला की मरतो. आम्ही त्याला आधी मारून मग शोधत होतो.

ओले नमुने, कोंबड्यांचे आणि नातीचेही, मी बर्फात ठेवून सांगलीला आणले. या वेळी बशांवर फिकट, ओलसर ठिपके उठले. सूक्ष्मदर्शकाखाली वळलेले बारीक जीव भिरभिरत होते. दोन्हीकडे तेच.

निकाल घेऊन मी परत गेले. सुनेला म्हटलं, पोरीला शेडपासून लांब ठेवा, साबणानं हात धुवा, शेडमधली चप्पल घरात आणू नका, कोंबडी नीट शिजवा. एवढं पाळलंत तर जायची गरज नाही. तिनं ऐकून घेतलं आणि कपड्यांचं बोचकं बांधायला घेतलं.

बाई मला फाट्यापर्यंत सोडायला आल्या.

"तुमची नातवंडं कुटं असत्यात?"

"लांब. परदेशी."

"म्हंजे नातवंडाबिगर घर कसं लागतं, तुमाला ठावं व्हतं. तरी लिवलं."

"हो."

एसटी आली. त्यांनी पदराखालची अंडी माझ्या पिशवीत ठेवली.

"उकडून खावा," त्या म्हणाल्या. "चांगली उकडून. आता आमच्याकडं खायाला कोन हाय?"