इंजिनाला लावलेली सलाईन

सिल्वासाजवळ राखोलीला कारखान्याच्या फाटकासमोर आमची रसवंती आहे. होती म्हणा. धुळ्याकडून आलो तेव्हा तिथे लाइट नव्हती, म्हणून घासलेटवरचं इंजिन घेतलं. पेट्रोलवर चालू करायचं, तापलं की घासलेटवर घ्यायचं. पण चरकात ऊस गेला, जोर आला की ते आतून ठोके मारतं. पत्र्यावर हातोडी बसावी तसे. तसंच रेटलं तर पिस्टन जातो.

गावाकडच्या पंपवाल्या मिस्त्रीनं उपाय सांगितला होता. इंजिन हवा ओढतं त्या तोंडात पाण्याचे थेंब सोडायचे. आतली आग जरा दबते, ठोके थांबतात. आम्ही सलाईनची रिकामी बाटली पाण्यानं भरून बांबूला टांगली, नळी तिथं सोडली. मी ऊस घालायचो. बायको इंजिनाशेजारी डब्यावर बसून थेंब कमीजास्त करायचं नळीचं चाक फिरवायची. जाड कांडं आलं की तिला न बघता कळायचं. ऊस संपला की लगेच थेंब बंद. नाहीतर इंजिन पाण्यानं गुदमरतं.

कारखान्याची पाळी सुटली की पोरं चिडवायची, "मावशी, पेशंट कसा आहे?"

"पेशंट बरा आहे. तू तुझं बघ, वाळून चाललास."

मागच्या पावसाळ्यात तिला सिल्वासाच्या दवाखान्यात नेलं. हातात सुई, वर बाटली. बाटलीकडं बघून म्हणाली, "अहो, मलाबी घासलेटवर घेतलं वाटतं." नर्सबाई हसली. मीही हसलो. त्यानंतर ती असं काही बोलली नाही. चार दिवस कण्हली आणि गेली.

होळी झाल्यावर मी रसवंती मांडली. मला दुसरं काही येत नाही. ती बंद झाली तर खोलीत भिंतीकडं बघत बसायचं, एवढंच उरतं. पण एका हातानं ऊस आणि दुसऱ्यानं चाक जमेना. दादऱ्याच्या स्पेअरवाल्यानं औषधाची बाटली दिली. "काका, टाकीत ओता. पाण्याचं खूळ सोडा." ओतली. ठोके होते तसेच.

परवा गर्दीत आमच्या धुळ्याकडचाच, कारखान्यातला एक कामगार म्हणाला, "आबा, मी बसतो डब्यावर."

"तुला नाही कळायचं."

"त्यात काय कळायचं?"

बसला. जाड कांडं गेलं, ठोके सुरू झाले. घाबरून त्यानं चाक पुरतं उघडलं. इंजिन खोकलं, पांढरा धूर आला, थांबलं. दोरी ओढली तर आत लोखंड खडखडलं. पोराचं तोंड उतरलं. त्याचा काय दोष? दोन महिने ठोके मीच ऐकत आलो होतो.

"आबा, आता इथं लाइट आलीय," तो म्हणाला. "मोटर घ्या. तिला शेजारी माणूस लागत नाही."

"म्हणूनच नको," मी म्हटलं.

पोरं पांगली. चरकात अर्धा ऊस अडकला होता. मी तो उलटा ओढायला लागलो, तुटला. तिथंच उसाच्या चिपाडावर बसलो. वरून थेंब पडतच होते, बंद इंजिनात. चाक बंद करायला उठायला हवं होतं. उठलो नाही. बाटली रिकामी होईपर्यंत तसाच बसून राहिलो.