मावसोबांचं इंग्रजी नशीब

इंग्रजांना गोव्यावर राज्य करायला काही जमलं नाही. ती सगळी कसर त्यांनी आमच्या धारगळच्या मावसोबांच्या जिभेवर भरून काढली. मावसोबा म्हणजे माझ्या थोरल्या मावशीचे यजमान. मावशीला मी फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलेलं, पण मावशी गेली म्हणून नातं थोडंच जातं? चतुर्थी असो, जत्रा असो, मावसोबा कोरगावला आमच्या घरी हजर. या माणसाने रात्रंदिवस घोकून पोर्तुगीज परीक्षा पास केली, सरकारी कचेरीत खुर्ची मिळणार म्हणून कोट शिवायला टाकला, आणि कोटाला बटणं लागतात न लागतात तोच गोवा मुक्त झाला. दुसरा कुणी कपाळाला हात लावून बसला असता. मावसोबांनी आधी पेढे वाटले, मग तोच कोट अंगात चढवून ते पेडणे–म्हापसा बसवर कंडक्टर झाले. आता नव्या राज्यात इंग्रजी लागणार, म्हणून इंग्रजी शिकायला घेतलं. गुरू कोण, तर म्हापशाच्या एका दुकानदाराने फुकट दिलेलं कॅलेंडर. त्याच्या पानापानावर एकेक इंग्रजी म्हण होती. बाकीच्या म्हणी मावसोबा वर्ष संपायच्या आत विसरले. नशिबाच्या तेवढ्या पक्क्या राहिल्या.

धावत आलेल्या माणसाची गाडी चुकली की मागच्या दारात लटकून, एक हात छातीवर ठेवून ते ओरडायचे, "बेटर लक नेक्स्ट टाइम!" खाली उभा राहिलेला माणूस घाम पुसत त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. केरीची एक मासे विकणारी बाई होती, तिची गाडी हमखास चुकायची. तिला वाटे, हा मेला आपल्याला इंग्रजीतून शिव्या घालतो. शेवटी एकदा गाडी वेळेवर गाठून तिने पाटी आपटली आणि विचारलंच, "काय रे, माका रोज काय म्हणतंस तू?" मावसोबांनी अर्थ सांगितला, की पुढच्या वेळी तुझं नशीब बरं असो. "नशीब रवांदे रे बाबा, आधी गाडी थांबय!" सगळी बस हसली, मावसोबाही हसले. पण सुटलेली गाडी त्यांनी कधी कुणासाठी थांबवली नाही. सुटली ती सुटली, असा त्यांचा कायदा होता.

"एव्हरी डॉग हॅज हिज डे," म्हणजे कुत्र्याचेही दिवस येतात, हे वाचल्यावर त्यांना वाटलं की ते दिवस आपोआप कसे येणार, कुणीतरी आणायला नकोत का? मग त्यांनी स्टँडवरच्या एका लंगड्या कुत्र्यासाठी शनिवार ठरवून टाकला. शनिवारी त्याला पोदेराकडचा, म्हणजे पाववाल्याकडचा, गरम उंडो पाव मिळायचा, तोही लोण्यात बुडवून. कुत्र्याला वार कळायला लागला होता, असं मावसोबा शपथेवर सांगत. चतुर्थीला आमच्याकडे रात्रभर पत्ते चालत, आणि मावसोबा हटकून जिंकत. इंग्रजीत म्हणतात, पत्त्यात ज्याचं नशीब फळतं त्याचं प्रेमात फळत नाही. जिंकल्यावर ते मोठ्याने "लकी इन कार्ड्स!" म्हणायचे आणि पानं पिसायला घ्यायचे. म्हणीचा उरलेला अर्धा भाग त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही.

पण मावसोबा खरे कळले ते माझ्या लग्नात. डिचोलीचे एक मास्तर पेडण्याच्या शाळेत लागले होते आणि शनिवारी घरी जायला त्याच बसने म्हापशापर्यंत यायचे. मीही टायपिंग शिकायला त्याच बसने जायची. आम्ही दोघं एकमेकांशी अवाक्षर बोललो नव्हतो हो! पण कंडक्टरच्या नजरेतून काय सुटतं? मावसोबांनी मध्ये पडून रीतसर स्थळ आणलं. घर चांगलं, मुलगा चांगला, सगळं जुळलं. राहिला फक्त देवाचा प्रसाद. आमच्याकडे मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवून देवाला विचारायची रीत आहे. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. वडील तर देवाला विचारल्याशिवाय विहीरसुद्धा उपसत नसत.

देवळात सगळे हात जोडून उभे होते. मी खांबाआड. पाकळी पडली ती डावी.

"झालां," वडील म्हणाले. "देवाक पसंत नाय." तेवढ्यात कोटाची बटणं लावत मावसोबा पुढे झाले. "थर्ड टाइम लकी! तिसऱ्या खेपेक नशीब उघडता. अजून दोनदा विचारा."

"ह्यो देव इंग्रजांचो न्हय," वडील चिडले. पण मावसोबांपुढे बोलण्यात कोण टिकणार? भटजींनी कुरकुरत पुन्हा पाकळ्या लावल्या. डावी. तिसऱ्यांदा लावल्या. बाई गं, तिसऱ्यांदाही डावीच! भटजींनाच घाम फुटला. मी पदर तोंडात कोंबून रडत होते. वडील चपला घालायला निघाले.

"फॉर्च्युन फेवर्स द ब्रेव्ह," मावसोबा म्हणाले, म्हणजे धाडस करणाऱ्याला नशीब साथ देतं. पण आवाजात नेहमीचा तोरा नव्हता. मग इंग्रजी तिथंच सोडून ते वडिलांच्या जवळ गेले. "आयका. माझ्या लग्नाक उजवो प्रसाद पडललो. पाकळी लावची आणि पडाची एकच गाठ. सगळ्यांनी गूळ वाटल्यानी. आणि वर्साभरात ती गेली. देवावर माझो राग नाय. पण उजव्याचां मी बघलंय. आता एकदा डाव्याचां बघया."

आई बहिणीच्या आठवणीने हुंदके देत होती. वडील पुन्हा देवापुढे जाऊन हात जोडून आले आणि भटजींना म्हणाले, "मुहूर्त काढा."

तो आमचा डाव्या प्रसादाचा संसार. भांडलो, रुसलो, मुलं वाढवली, आता नातवंडं अंगाखांद्यावर खेळतात. देवानेही पुढे कधी मनात ठेवलं नाही. बघायला मावसोबा तेवढे राहिले नाहीत, आणि हे सुख ज्यांच्यामुळे मिळालं त्यांनाच दाखवता येऊ नये, याचं मला अजून वाईट वाटतं.

लग्नानंतर पहिल्यांदा माहेरपण करून आम्ही दोघं परत निघालो, तेव्हा गाडीवर मावसोबाच होते. माझी भीड तोवर चेपली होती. मी विचारलं, "मावसोबा, तुम्ही दुसरं लग्न का नाही केलं? साऱ्या जगाला बेटर लक नेक्स्ट टाइम सांगता ना?"

ते तिकिटं चाळत राहिले. मग म्हणाले, "तां दुसऱ्याक सांगूक बरां असता, बाय."

गाडी सुटली होती. मागून ती केरीची बाई डोक्यावरची पाटी सावरत धावत येत होती. मावसोबा सवयीने मागच्या दारात गेले, हात छातीवर ठेवला, तोंड उघडलं. आणि तसेच उभे राहिले. मग त्यांनी घंटीची दोरी ओढली. गाडी थांबली.

बाई धापा टाकत दारापाशी आली आणि त्यांच्याकडे बघतच राहिली. "आज काय रे झालां तुका?"

"काय नाय," मावसोबा तिची पाटी वर घेत म्हणाले. "चढ बेगीन."